लग्न न झालेल्या तिसऱ्या : आचरा, मालवण, वेंगुर्ला

ठाण्याच्या बाजारातून आणलेल्या अर्धा किलो तिसऱ्या (खाडीतल्या खायच्या शिंपल्या) साफ केल्या तेव्हा हाताला लागलं ते मांस एका वाटीच्या तळाशी बसलं. आई शेजारी उभी होती. म्हणाली, "आमच्या लहानपणी एका शिंपीत एक घास असायचा." आईचं लहानपण सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला गेलं. तिचं बोलणं मी नेहमीसारखं कानाआड केलं असतं, पण चिरंजीवांनी (वय वर्षे बारा) विचारलं, "मग आता त्या छोट्या का झाल्या?" उत्तर नव्हतं. नवऱ्याला रजा नव्हती. आम्ही दोघंच निघालो.

रजेचा अर्ज टाकायच्या आधी मी तिथी बघितली. खाडीवर जायचं तर ओहोटी सकाळची, उजेडातली हवी. आईने शिकवलेलं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, तेव्हा वाळूचे पट्टे नीट उघडे पडत नाहीत. म्हणून आम्ही पौष पौर्णिमेनंतरचे चार दिवस धरले. संकष्टी त्यातच येते, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. ते पुढे येईलच.

दिवस पहिला : आचरा

रात्रीची गाडी, पहाटे कणकवली, तिथून एसटी. आचऱ्याला पोचेतो उन्हं वर आली होती, पण सावलीत गारठा होता. आंब्याला मोहोर लागलेला. आईच्या नात्यातल्या काकी खाडीच्या बाजूला राहतात आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांनी चहाबरोबर घावणे पुढे केले आणि विचारलं, "कित्याक इलास?"

मी म्हटलं, तिसऱ्या बघायला.

काकी हसल्याच. "लोका खावक येतत. तू बघूक इलंस?"

दुपारी रामेश्वराचं देऊळ, संध्याकाळी खाडीकाठ. पाणी उतरत होतं आणि मधल्या वाळूच्या पाठी, म्हणजे उंचवटे, एकेक करून वर येत होत्या. एका बायकांच्या घोळक्याशी काकींनी ओळख करून दिली. त्यातल्या सर्वात वयस्कर बाईंना सगळ्या आक्का म्हणत होत्या, म्हणून आम्हीही. आक्कांनी माझ्या नव्याकोऱ्या सँडलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यां घालून येव नको. जुने बूट हाडलंस काय?"

नव्हते आणले.

(आणा. खाडीत उतरायचं तर टाचेला आणि बोटांना पूर्ण झाकणारे जुने कॅनव्हासचे बूट. चिखलात रबरी चपला रुततात, आणि खडकाला चिकटलेल्या कालवाच्या (ऑयस्टरच्या) कडेपुढे सँडलचं काही चालत नाही.)

नावांचा घोळ पहिल्याच संध्याकाळी लक्षात आला. ठाण्याला शिंपीतलं काहीही तिसऱ्या नाहीतर शिंपल्या म्हणून खपतं. इथे तिसऱ्या वेगळ्या, मुळे वेगळे, खुबे वेगळे. खडकावरची कालवं वेगळी. काळ्या-हिरव्या कवचाचे शिणाणे आणखी वेगळे. पुढच्या गावात गेलं की हीच नावं एकमेकींच्या अंगावर चढतात. मी वहीत चित्रं काढून घेतली.

दिवस दुसरा : पायाने बघायचं

तृतीया. सव्वाआठच्या सुमारास ओहोटी, म्हणून बायका साडेसहालाच निघतात. उतरत्या पाण्याच्या मागोमाग चालत जायचं आणि पाणी परतायच्या आत बाहेर यायचं. खाडीवर धुकं होतं, पाणी मात्र हवेपेक्षा कोमट. चिरंजीव धडाधड पाणी उडवत पुढे पळाले. आक्कांनी त्याला खांद्याला धरून थांबवलं.

"झिला, पायान बघूक व्हया. डोळ्यांनी नाय."

मग त्यांनी दाखवलं. गुडघाभर पाण्यात टाच रोवायची, पाऊल थोडं फिरवायचं, वाळू सैल करायची. तळव्याखाली काही गुळगुळीत, कडक, बदामाच्या आकाराचं लागलं की वाकून दोन बोटांनी उचलायचं. उघड्या वाळूवर युक्ती निराळी. तिथे जवळजवळ असलेली दोन बारीक भोकं शोधायची. एका नळीने प्राणी पाणी आत घेतो, दुसरीने सोडतो. पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून घेणं एवढंच त्याचं जेवण. मुलाला पहिली दहा मिनिटं काही सापडेना. अकराव्या मिनिटाला सापडली आणि मग तो थांबेना.

त्याने ओंजळ भरून आक्कांच्या टोपलीत ओतली. टोपली बांबूची, विरळ विणीची, काठाला दोरी बांधून कमरेला लावलेली, तळ पाण्यात बुडलेला. आक्कांनी ती दोन्ही हातांनी धरून पाण्यातच तीनदा हलवली. वाळू गेली. वाळूबरोबर त्याच्या कमाईतल्या निम्म्या तिसऱ्याही विणीतून खाली गेल्या.

"ओ! त्या पडल्या!"

"पडूंदे. तेंचा लगीन जावक नाय अजून."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. आक्कांनी एक बारकी तिसरी तळहातावर घेतली, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. म्हणाल्या, ही आज खाल्लीस तर एक गेली. राहिली तर पुढल्या वर्षी मोठी होऊन मिळेल आणि त्याआधी पिल्लं सोडून जाईल. "खाडी खय पळान जाता?"

नंतर मुंबईतल्या एका मत्स्यशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीशी बोलले तेव्हा तिनेही हेच सांगितलं, फक्त लग्नाशिवाय: निदान एकदा प्रजनन होईपर्यंत प्राणी हाती लागू नये. शिंपल्यांचं प्रजनन पाण्यातच होतं. नर आणि मादी आपापली बीजं पाण्यात सोडतात. ती जवळजवळ असतील तरच फळतात. म्हणून एखादी पाठ अगदी विरळ करून टाकली की उरलेल्या चारदोन मोठ्या शिंपल्यांचाही फारसा उपयोग होत नाही. आक्कांना हा भाग विचारला असता तर त्यांनी कुठलं उदाहरण दिलं असतं, असं मला वाटत राहिलं.

आता आक्कांच्या शेजारचीच एक तरुण बाई प्लास्टिकची बादली घेऊन आली होती. बादलीला भोकं नसतात. आत गेलं ते गेलं. मी काही बोलले नाही, पण तिने माझी नजर पकडली. "टोपली दोन म्हयन्यात कुजता," ती म्हणाली. "बुरुड खय आता?" आणि मग, जरा रागाने: मोठ्याच द्यायच्या म्हटलं तर हॉटेलवाल्याला रोज दहा किलो कुठून देऊ? तो आकार बघत नाही, काटा बघतो.

हे मला महत्त्वाचं वाटलं. गावच्या बाजारात तिसऱ्या वाट्यावर विकल्या जायच्या. वाटा म्हणजे ढीग, आणि गिऱ्हाईक ढिगाकडे बघून ठरवतं. बारक्या दिसल्या की पुढच्या बाईकडे जातं. किलोवर आल्यापासून कवचाचंही वजन होतं आणि लहान-मोठं सगळं एका भावात जातं. वाट्यात लबाडी होत नाही असं नाही (मोठ्या वर रचतातच), पण निदान कुणीतरी बघतं.

वाळूउपशाबद्दल बोलताना मात्र आक्का आणि बादलीवाली यांचं एकमत होतं. ड्रेझर लागला की वाळूबरोबर तिसऱ्यांची पाठच उचलली जाते. तिथे टोपली काय आणि बादली काय.

परतताना खडकांच्या कडेने आलो आणि मी कालवावर पाय दिला. सँडल आडवा फाटला, टाच उभी. रक्त थांबेपर्यंत आक्कांनी खाडीच्या पाण्यात पाय धरून ठेवला आणि त्या दरम्यान एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. (घरी आल्यावर साबणाने स्वच्छ धुवून डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. कालवाची जखम चिघळते, दुर्लक्ष करू नका.)

दुपारचं जेवण : एकशिपी. हे काकींच्या हातून शिकण्यासारखं आहे. तिसऱ्या रात्रभर खाडीच्याच पाण्यात ठेवलेल्या, म्हणजे पोटातली वाळू त्या स्वतःच बाहेर टाकतात. नळाच्या पाण्यात ठेवल्या तर मिटून बसतात आणि मरतात. मग आडाळ्याच्या (विळीच्या) पात्यावर एकेक शिंपी सांध्याकडून उघडायची आणि दोन्ही बाजूंचं मांस एकाच शिंपीत ठेवायचं. दुसरी रिकामी शिंपी फेकायची. म्हणून एकशिपी. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप, मालवणी मसाला, शेवटी आगळ (कोकमाचा रस). शिंपीसकट शिजवायचं आणि शिंपीनेच ओरपायचं. उघडताना सुटलेलं पाणी काकी फेकत नाहीत. वरच्या वर दुसऱ्या भांड्यात ओततात, खाली बसलेली वाळू तेवढी राहू देतात. आधीच उघडी असलेली आणि टिचकी मारल्यावर मिटली नाही ती शिंपी मेलेली, ती आधीच बाजूला.

चिरंजीवांनी एकोणतीस शिंप्या मोजल्या. प्रत्येकीत घास होता.

दिवस तिसरा : संकष्टी

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात काळ्या वाटाण्याची उसळ. काकींचा उपास, आणि घरात आज मासळी शिजणार नाही. मुलाचं तोंड पडलं.

पण खाडीवर गेलो तर बायका होत्याच, फक्त थोड्या. गावात आज विक्री नाही. काढलेल्या तिसऱ्या गोणपाटात भरून, तोंड बांधून, खुंटाला खाडीतच बुडवून ठेवतात. उद्यापर्यंत जिवंत राहतात. मी आक्कांना म्हटलं, मग देवाधर्माने खाडीला सुट्टीच मिळते की. त्या म्हणाल्या, पूर्वी मिळायची. सोमवार, संकष्टी, एकादशी, अख्खा श्रावण. "आता पावण्यांक सोमवार नसता." शासनाची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, पण ती यांत्रिक होड्यांची. पायाने तिसऱ्या काढणाऱ्या बाईला ती लागू नाही.

त्या दिवशी काकींच्या पुतण्याने होडीतून खाडीच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे बचत गटाच्या बायकांनी बांबूचा तराफा बांधलाय, खाली पिंप, आणि तराफ्याखाली दोरांच्या माळा लोंबतात. एकीने एक माळ वर ओढली. ती दोन हातांनीही उचलेना, शेवटी पुतण्याने हात लावला. दोर दिसतच नव्हता. नुसती कालवंच कालवं, एकमेकांवर, आणि फटीतून इवले खेकडे टपाटप पाण्यात उड्या मारत होते.

शिणाण्यांची माळ करायची पद्धत मला फार आवडली. बारकं बी दोराभोवती ठेवून त्यावर सुती कापडाची पट्टी गुंडाळतात आणि पाण्यात सोडतात. काही दिवसांत शिणाणे आपल्या धाग्यांनी दोराला स्वतःच चिकटतात, तोवर कापड कुजून गळून जातं. पाऊस पडायच्या आत माळा काढाव्या लागतात, कारण जूनमध्ये डोंगरातून गोडं पाणी उतरलं की खाडीचा खारेपणा जातो आणि शिणाणे मरतात. खाद्य घालावं लागत नाही. चोरीची भीती मात्र आहे, म्हणून रात्री पाळीने कोणीतरी जागतं.

महाराष्ट्र वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. त्याच्या आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून सिंधुदुर्गातल्या बचत गटांनी ही शेती शिकून घेतली. २०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली, तिच्यात गटाला मोठं अनुदान मिळतं. ऐकायला छान वाटतं. पण माळ ओढणाऱ्या बाईचा प्रश्न सोपा होता: कालवं तयार होतात, घेणारं कोण? लांबच्या मोठ्या हॉटेलांना शिंपीसकट, बर्फात, एका आकाराची हवीत. गावाला सोललेली, वाट्यावर, स्वस्तात. दोन्हीच्या मध्ये ही माळ लोंबतेय. शेतीमुळे खडकावरच्या कालवांवरचा भार कमी होईल, हे मला अजून पटलेलं नाही. विक्रीची सोय झाली तर होईल.

संध्याकाळी मालवणला मुक्काम हलवला. चंद्रोदयाआधीच किनाऱ्यावरच्या एका खाणावळीत चिरंजीवांच्या हट्टाने तिसऱ्यांची थाळी मागवली. ताटात आली ती सगळी नखाएवढी, वाटपात शोधावी लागावी अशी. मुलगा बराच वेळ चिवडत बसला. मग म्हणाला, "आई, ह्यांतल्या कुणाचंच झालं नव्हतं." शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं असेल कसल्या लग्नाच्या गप्पा चालल्यात.

(मागवण्याआधी आकार विचारा. ‘दाखवा’ म्हणायला लाजू नका. आणि खाडीच्या पाण्याचा रंग किंवा वास बदललेला असताना गावची माणसं शिंपल्या खात नाहीत, तेव्हा आपणही खाऊ नयेत. गाळून खाणारा प्राणी पाण्यातलं विषही साठवतो आणि ते शिजवून जात नाही. केरळात विळिंजमला १९९७ मध्ये शिणाणे खाऊन माणसं दगावली होती.)

दिवस चौथा : मालवण, मग वेंगुर्ला

सकाळी सिंधुदुर्ग किल्ला. गर्दी, ऊन, फोटो. एवढंच सांगते की भोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि किल्ल्याजवळचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथल्या खडकावरचं काही खिशात घालू नका, रिकामा शंखसुद्धा. त्यात बहुतेक वेळा शंखखेकड्याचा संसार असतो. चिरंजीवांच्या खिशातून तीन निघाले. एकाला पाय होते.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची फेरी घडवतात. स्वतः वल्हवतात. कांदळ कुठला, तिवर कुठला, चिपी कुठली, हे मुळं दाखवून सांगतात. कांदळाच्या कमानीसारख्या मुळांवर पाण्याच्या रेषेपर्यंत कालवं चिकटलेली होती. पूर्वी काही जण कालवांसाठी मूळच तोडून न्यायचे, असं वल्ह्यावरच्या ताई म्हणाल्या. राज्यभरात कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून ते कमी झालं.

उतरल्यावर धक्क्याजवळच्या खडकावर एक आजी कालवं फोडत बसल्या होत्या. लहानशी लोखंडी कोयती. टोक वरच्या शिंपीच्या फटीत, मनगटाला एक झटका, वरची शिंपी उडाली, आतलं मांस खरवडून वाटीत. पुढचं कालव. मी बराच वेळ बघत होते आणि काहीतरी वेगळं दिसतंय एवढंच कळत होतं. मग कळलं: खालची शिंपी त्या खडकावरच ठेवत होत्या. अख्खा खडक अशा पांढऱ्या, रिकाम्या, उताण्या वाट्यांनी भरलेला.

"ती कशाला ठेवता?"

आजींनी कोयतीचं टोक एका जुन्या वाटीत टेकवलं. आत मसुराच्या डाळीएवढे दोन-तीन करडे ठिपके चिकटलेले. पुढच्या वर्षीची कालवं. बी नुसत्या खडकापेक्षा जुन्या शिंपीवर चांगलं धरतं. हातोड्याने गठ्ठा पाडणारे मांस लवकर नेतात, पण बीला बसायची जागाही नेतात.

आजींकडून एक वाटी सोललेली कालवं घेतली, शंभर रुपये. त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी कालवण करून मागितलं. एरवी ‘लिबलिबीत’ म्हणणाऱ्या मुलाने दोनदा घेतलं.

परत

निघताना मालवणच्या बाजारात बुरुडाची टोपली शोधली. तिसऱ्या दुकानात मिळाली, विरळ विणीची, कांदे ठेवायला म्हणून विकत होते.

घरी आल्यावर केरळातल्या अष्टमुडी सरोवराबद्दल वाचलं. तिथल्या तिसऱ्यांना परदेशातून मागणी आली आणि १९९१ मध्ये वर्षाला १०,००० टनांपर्यंत उपसा गेला. १९९३ पर्यंत तो निम्म्यावर आला. मग डिसेंबर ते फेब्रुवारी, प्रजननाच्या काळात, काढणं बंद झालं. जाळ्याचं भोक किमान ३० मिलिमीटर ठरलं, आणि निर्यातीच्या मांसात किलोला १,४०० पेक्षा जास्त नग नकोत असंही ठरलं, म्हणजे बारीक माल आपोआप बाद. २०१४ मध्ये भारतात पहिलं शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र या तिसऱ्यांना मिळालं. ३० मिलिमीटर वाचल्यावर चिरंजीव पट्टी घेऊन आले आणि आमच्या टोपलीची वीण मोजली. साधारण पंचवीस भरली.

रविवारी ठाण्याच्या बाजारातून नेहमीच्या मावशीकडून अर्धा किलो तिसऱ्या आणल्या. मावशींना मी मोठ्या द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "ताई, आल्या तशा हायेत. निवडून कुठं देऊ?" घरी मुलाने त्या टोपलीत ओतल्या, सिंकवर धरल्या आणि आक्कांसारख्या तीनदा हलवल्या. टुक टुक टुक करत खाली पडायला लागल्या. तो मोजत होता. चाळीसच्या पुढे त्याने मोजणं सोडलं आणि टोपली माझ्याकडे दिली.

"आता ह्यांचं काय करायचं?"

ठाण्यात सोडायला खाडी आहे, पण त्या कुठल्या पाण्यातल्या, कधी काढलेल्या, कोण जाणे. टिचकी मारून बघितलं, बऱ्याच मिटल्या नाहीत. ज्या मिटल्या त्या आईने सारात टाकल्या. मांस कवचापासून सुटून तळाला जाऊन बसलं. आम्ही तिघांनी ते भातावर ओतून घेतलं.